लष्करी मोटारलॉरीचा दुसरा जन्म

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि जुनी दप्तरे एवढीच सामान्यतः डोळ्यांपुढे येतात. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड प्रसिद्ध करावयास आरंभ केला, तेव्हा माळ्यावर वाळवीच्या तोंडी पडलेल्या कागदांकडे महाराष्ट्र निराळ्या दृष्टीने पाहू लागला. मावळातील घोरावाडीच्या आसपास जे जुन्यातले जुने साधन आहे, ते मात्र दगडात कोरलेले आहे. मुंबई-पुणे जुन्या रस्त्यालगतच्या टेकडीत शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत. लोक त्यांस घोरावडेश्वराची लेणी म्हणतात. तेथील एका ब्राह्मी लेखात लेण्याचे दान देणारी स्त्री एका शेतकरी कुटुंबातील असल्याचे नमूद आहे. देणारी कोण, कोणाची, कोठली आणि तिने काय दिले, एवढाच त्या लेखाचा विषय. पण तेवढी नोंद टिकली, म्हणून एका सामान्य घराचे नाव इतक्या शतकांनंतरही वाचता येते.

त्याच टेकडीखालच्या रस्त्याने विसाव्या शतकात इतिहासाचे आणखी एक साधन येजा करीत होते. ते लोखंडाचे होते, त्यास चाके होती आणि त्याच्या अंगावरही अक्षरे व आकडे होते. सैन्यातून निवृत्त झालेली जुनी मोटारलॉरी हे ते साधन होय. असा एखादा ट्रक ऐतिहासिक वाहन म्हणून सरकारदरबारी नोंदवावयाचा झाला, तर काय घडते, हा प्रश्न वरवर पाहता कचेरीतील अर्जाचा व शुल्काचा वाटतो. परंतु थोडे खोल गेले म्हणजे ध्यानात येते की, वस्तूचा इतिहास कोठून मोजावयाचा आणि अस्सल कशास म्हणावयाचे, हे दोन मोठे प्रश्न त्या अर्जात दडलेले आहेत.

घोरावाडी हे लोणावळा-पुणे लोहमार्गावरील, तळेगावला लागून असलेले लहानसे स्थानक. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी १८५८ मध्ये धावू लागली आणि घाटातील अवघड काम पुरे होऊन १८६३ मध्ये मुंबई व पुणे ही लोखंडी रुळांनी जोडली गेली. रस्ता व रूळ यांची ही जोडी जेथून जाते, तेथे लष्कराचे लक्ष जाणे साहजिकच होते. खडकी व पुणे येथे इंग्रजांच्या छावण्या पूर्वीपासून होत्याच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घोरावाडीच्या पुण्याकडील बाजूस देहूरोड येथेही लष्करी भांडारे उभी राहिली. तुकोबांच्या देहूच्या नावाने ओळखले जाणारे हे ठिकाण पाहता पाहता लष्करी सामानाचे व त्या सामानावर राबणाऱ्या कामगारांचे गाव बनले. त्या काळापासून मावळातील मुलांस लष्करी ट्रकांची रांग ही आषाढातील पावसाइतकीच परिचयाची झाली.

१९३९ मध्ये युद्ध पेटले त्या वेळी हिंदी सैन्यात सुमारे दोन लाख माणसे होती. १९४५ पर्यंत हा आकडा पंचवीस लाखांवर गेला. एवढ्या सैन्याला अन्न, पाणी, दारूगोळा व अंथरूण पोचवावयाचे तर घोडे आणि खेचरे पुरी पडण्यासारखी नव्हती. मोटारींचा प्रचंड पुरवठा आवश्यक झाला आणि त्यातील फार मोठा वाटा कॅनडाने उचलला. त्या देशाने युद्धकाळात सुमारे आठ लाख लष्करी मोटारी बांधल्या. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या एका विशिष्ट नमुन्याच्या होत्या. आखूड नाकाची, चालकाची बैठक जवळजवळ यंत्रावरच आलेली आणि सुकाणूचे चाक उजव्या हातास असलेली ही गाडी फोर्ड व शेव्हरलेट या दोन्ही कंपन्या ठरलेल्या एकाच धाटणीने बांधीत. फोर्डच्या गाडीत आठ सिलिंडरांचे यंत्र असे, तर शेव्हरलेटच्या गाडीत सहा सिलिंडरांचे.

मुंबईत अशा गाड्या जोडण्याची सोय युद्धापूर्वीच होती. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. फोर्ड कंपनीचाही कारखाना मुंबईत होता. परदेशातून पेट्यांत भरून आलेले सुटे भाग येथे जोडले जात आणि गाडी चाकांवर उभी राही. युद्धकाळात ही सोय सैन्याच्या उपयोगी पडली. शिवडीहून पुणे, खडकी किंवा अहमदनगर गाठावयाचे, आणि तेही रस्त्याने, तर बोरघाट चढून, वडगाव व तळेगाव मागे टाकून, घोरावाडीच्या अंगानेच जावे लागे. कारण दुसरा सोयीचा रस्ताच नव्हता. वसाहतींच्या सैन्याची, कॅनडाच्या पोलादाची आणि मुंबईच्या मजुरांच्या श्रमाची अशी ही गाडी होती.

सैन्यात दाखल झालेल्या गाडीस मुलकी क्रमांक मिळत नसे. तिच्यावर सैन्याचा स्वतंत्र क्रमांक रंगविला जाई आणि त्याच्या जोडीला एक रुंद बाण असे. हा बाण म्हणजे इंग्लंडच्या राजसत्तेची, तिच्या शस्त्रभांडारातील मालावर शतकानुशतके उमटविली जाणारी खूण होय. स्वतंत्र भारताच्या सैन्याने ती बाणाची खूण आपल्या गाड्यांवर कायम ठेवली. आजच्या पद्धतीत बाणापुढील पहिले दोन अंक ती गाडी कोणत्या वर्षी सैन्यात दाखल झाली, हे सांगतात. म्हणजे लष्करी गाडीच्या पाटीवर तिच्या सेवेचे आरंभवर्ष उघड्या अक्षरांत लिहिलेले असते. जाणत्या माणसास ही पाटी एखाद्या नाण्यावरील शकाप्रमाणे वाचता येते.

युद्ध संपले आणि सैन्य मोडू लागले. १९४५ ते १९४७ या काळात लक्षावधी शिपाई घरी परतले. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतील कित्येक जवान मोटार चालविण्याची नवी विद्या हाताशी घेऊन आले. ज्या गाड्यांवर ती विद्या शिकावी लागली, त्या गाड्याही त्याच सुमारास सैन्याने काढून टाकावयास घेतल्या. सरकारच्या डिस्पोजल खात्याने युद्धाचा उरलेला माल विकावयास काढला आणि ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग मराठी बाजारात रूढ झाला. शिपायाला जाताना सेवेचा दाखला मिळे, ट्रकला विक्रीचा. दोघेही एकाच वेळी मुलकी जीवनात उतरले आणि पुष्कळदा एकमेकांस पुन्हा भेटले.

त्या वेळी नव्या ट्रकांची देशात मोठीच टंचाई होती. वालचंद हिराचंद यांनी प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापिली खरी, परंतु तिच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. टाटांचा जर्मन सहकार्याने बनलेला ट्रक १९५४ मध्ये आला. मुंबई राज्याच्या सरकारी एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी धावली. या मधल्या काळात ऊस कारखान्यावर जावयाचा होता, कांदा बाजारात न्यावयाचा होता, धरणांस व पुलांस लागणारी खडी वाहावयाची होती. त्या कामी सैन्यातून आलेले ट्रक फार उपयोगी पडले.

परंतु हे काम करण्यासाठी ट्रकला आपले रूप टाकावे लागले. लष्करी हौदा काढून सुताराने नवा लाकडी हौदा बसविला. कोठे लांब टप चढवून प्रवासी गाडी केली. पेट्रोलचा खर्च परवडेनासा झाला तेव्हा मूळ यंत्र उतरवून त्या जागी डिझेलचे यंत्र बसविले गेले. मागचे पाटे वाढविले, दिवे बदलले, खाकी व हिरव्या रंगावर पिवळा-तांबडा रंग चढला आणि दर्शनी फळीवर कुलदैवताचे नाव आले. मेस्त्रीच्या दृष्टीने यात नवल कसले? चालणारी वस्तू चालती ठेवणे हा त्याचा धर्म. त्या मेस्त्रीने ती मोडतोड व जोडाजोड केली नसती, तर त्यांतील बहुतेक गाड्या केव्हाच भट्टीत गेल्या असत्या.

लष्करी ट्रकांची दुसरी पिढी भारतातच जन्मली. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूर येथे १९५९ पासून ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊ लागले आणि ते उत्पादन १९९६ पर्यंत चालले. जपानच्या निस्सान कंपनीच्या नमुन्यावर एकटनी गाडी आणि ‘जोंगा’ ही लहान गाडीही जबलपुरातच तयार होई. ‘जोंगा’ हे नावच मुळी जबलपूरच्या शस्त्रनिर्मितीखात्यातील कारखान्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडले. १९६५ व १९७१ च्या युद्धांत रसद वाहणाऱ्या या गाड्या. त्याही पुढे लिलावांतून मुलकी हाती आल्या आणि त्यांतील काही आजही डोंगराळ भागांत लाकूड व दगड वाहताना दिसतात. शिवडीचा तो जुना कारखाना मात्र १९५४ मध्ये बंद झाला. पुढे भारतात पुन्हा आलेल्या त्याच जनरल मोटर्स कंपनीने २००८ मध्ये घोरावाडीच्या शेजारी, तळेगाव येथे नवा कारखाना सुरू केला. तेथील उत्पादनही २०२० अखेर थांबले आणि तो कारखाना ह्युंदाई कंपनीकडे गेला. कारखाने येतात आणि जातात. त्यांची साक्ष त्यांनी जोडलेल्या वस्तूच देतात.

आता कायद्याकडे वळावयाचे. हिंदुस्थानास सर्वत्र लागू असा मोटारींचा कायदा प्रथम १९१४ मध्ये झाला. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली आणि त्याची जागा १९८८ च्या कायद्याने. या शेवटच्या कायद्याच्या ६० व्या कलमाने संरक्षणाच्या कामी वापरल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या गाड्यांची नोंदणी निराळ्या अधिकाऱ्याकडे सोपविली आहे. गाडी केंद्र सरकारच्या मालकीची आहे तोवर तिला दुसऱ्या नोंदणीची गरज नाही. ती मालकी सुटली की इतर सर्व गाड्यांना लागू असलेला नियम तिलाही लागतो, म्हणजेच तिची मुलकी कचेरीत नव्याने नोंदणी करावी लागते. मावळातील मालकास यासाठी पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कचेरीत जावे लागते. तेथील गाड्यांचा क्रमांक ‘एमएच १४’ या अक्षरांनी व अंकांनी सुरू होतो.

१९८९ च्या केंद्रीय नियमांत तर सैन्यातून आलेल्या गाडीचा स्पष्ट उल्लेखच आहे. नोंदणीचा अर्ज नमुना २० मध्ये करावयाचा, आणि गाडी पूर्वी सैन्याची असेल तर संबंधित अधिकाऱ्याने दिलेला मूळ विक्रीदाखला, नमुना २१ मधला, त्यास जोडावयाचा. इतर गाडीस हा दाखला विक्रेता देतो. सैन्याच्या गाडीस तो सैन्याच्याच अधिकाऱ्याकडून मिळावा लागतो. हा एक कागद म्हणजे ट्रकच्या दोन जन्मांमधला पूल होय. त्याच्या अलीकडे मुलकी क्रमांक, पलीकडे बाणाचा क्रमांक. आणि चॅसिसवर ठोकलेला आकडा दोन्हीकडे तोच. हा कागद हरवला की पूल तुटतो आणि उरते ते केवळ बेवारशी लोखंड.

जुन्या मोटारींचा सन्मानपूर्वक सांभाळ व्हावा म्हणून केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी वापराची, दुचाकी वा चारचाकी गाडी मूळ स्वरूपात राखलेली असेल, तिच्या चॅसिसमध्ये, सांगाड्यात किंवा यंत्रात मोठा फेरबदल झालेला नसेल, तर तिला ‘व्हिंटेज’ म्हणजे ऐतिहासिक वाहन मानले जाते. नव्याने नोंदणी करावयाची तर वीस हजार रुपये शुल्क आहे आणि पुनर्नोंदणीस पाच हजार. प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. पूर्वी नोंदलेल्या गाडीस तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदलेलीस राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे लावून क्रमांक मिळतो. अशी गाडी धंद्यासाठी किंवा रोजच्या येजा करण्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर पडावी, असा निर्बंध आहे. नियम एकंदरीत उदार आहेत आणि त्यांनी कित्येक जुन्या मोटारींस मोडीतून वाचविले, यात संशय नाही.

तथापि लष्करी ट्रकच्या दृष्टीने या नियमांतील एकच शब्दसमूह फार महत्त्वाचा आहे. पन्नास वर्षे मोजावयाची ती गाडीच्या पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. दुकानातून थेट घरी आलेल्या मोटारीस यात काही अडचण नाही. तिचा जन्म, विक्री आणि नोंदणी ही बहुधा एकाच वर्षातली असतात. पण सैन्याच्या ट्रकची गोष्ट निराळी आहे. समजा, एक शक्तिमान ट्रक १९६५ मध्ये तयार होऊन सैन्यात दाखल झाला, वीस वर्षे राबला आणि १९८५ मध्ये लिलावात विकला जाऊन मुलकी कचेरीत नोंदला गेला. नियमाचे शब्द सरळ अर्थाने घेतले तर त्याचे वय १९८५ पासून धरावे लागेल आणि २०३५ पूर्वी तो ऐतिहासिक ठरणार नाही. ज्या वीस वर्षांमुळे तो इतिहासात गेला, नेमकी तीच वीस वर्षे हिशेबातून वगळली जातात.

इतर देशांनी हा हिशेब कसा केला आहे, हे पाहणे उद्बोधक आहे. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक वाहनाचे वय ते बांधले गेल्यापासून मोजतात आणि चाळीस वर्षे पुरी झाली की करात सवलत मिळते. जर्मनीत १९९७ पासून अशा गाडीच्या क्रमांकापुढे ‘एच’ हे अक्षर येते. तेथे गाडी प्रथम वाहतुकीत आली तेव्हापासून तीस वर्षे धरतात. जुन्या मोटारींची जागतिक संघटना १९६६ मध्ये पॅरिस येथे स्थापन झाली. तिच्या व्याख्येतही वय बांधणीपासून मोजले जाते व ते किमान तीस वर्षे हवे. बांधणी, वाहतूक आणि विक्री ही तीन निरनिराळी टोके झाली. नागरी मोटारीच्या बाबतीत ती एकमेकांशी जुळतात. सैन्यातील ट्रकच्या बाबतीत मात्र बांधणी व विक्री यांमध्ये एका शिपायाची सबंध नोकरी मावते.

दुसरी अडचण ‘मूळ स्वरूप’ या अटीची. १९४२ मध्ये कॅनडात बांधलेला ट्रक १९४६ मध्ये विकला गेला असेल तर वयाचा प्रश्न केव्हाच मिटला. परंतु तो आजवर टिकला असेल तर बहुधा यासाठीच की, त्याचे यंत्र बदलले, हौदा बदलला, तो काम करीत राहिला. बदलामुळे तो वाचला आणि बदलामुळेच तो अपात्र ठरला, असा हा पेच आहे. याउलट जो ट्रक निकामी होऊन कोठे झाडाखाली पडून राहिला, त्याचे मूळ यंत्र त्याच्यात शाबूत असण्याचा संभव अधिक. म्हणजे ज्याने महाराष्ट्राचा ऊस आणि खडी वाहिली त्यास मान नाही आणि ज्याने काहीच केले नाही तो मानाचा धनी होतो.

वर उल्लेखिलेल्या जागतिक संघटनेने २०१२ मध्ये जी ट्यूरिनची सनद मान्य केली, तिने या प्रश्नाचा विचार निराळ्या रीतीने केला आहे. गाडीच्या नेहमीच्या वापराच्या काळात, त्या काळच्या रीतीने झालेले फेरबदल हेही तिच्या इतिहासाचे अंग मानावेत, असा त्या सनदेचा आशय आहे. देवळांच्या बाबतीत महाराष्ट्र हे पूर्वीपासून मानीत आला आहे. यादवकालीन गाभाऱ्यापुढे पेशवाईतला लाकडी सभामंडप असला म्हणून ते देऊळ जुने नव्हे, असे कोणी म्हणत नाही. उलट दोन्ही काळ त्यात वाचता येतात. १९४२ च्या चॅसिसवर १९५० नंतरच्या सुताराचा हौदा हे असेच दोन काळांचे एकत्र दर्शन नव्हे काय?

तिसरी अडचण वर्गाची. नियम खाजगी वापराच्या दुचाकी-चारचाकी गाड्यांसाठी आहेत. सैन्यातील जीप किंवा जोंगा या व्याख्येत सहज बसते. पण मालवाहू ट्रक हा स्वभावतःच धंद्याचा प्राणी. आणि अमेरिकन बनावटीचा तीन आसांचा, दहा चाकांचा अडीचटनी ट्रक चारचाकी कसा म्हणावा? त्यामुळे हौशी संग्राहकांच्या अंगणात जीप पुष्कळ दिसतात आणि ट्रक विरळा. ज्या वाहनाने युद्धात सर्वांत अधिक ओझे वाहिले, तेच संग्रहात सर्वांत कमी आहे.

कायद्याची बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. नियम करणाऱ्याने विक्रीची व नोंदणीची तारीख धरली, कारण ती सरकारी दप्तरात सापडते. बांधणीची तारीख मालकाच्या सांगण्यावर मानली तर उद्या वाटेल तो आपल्या गाडीस आजोबा म्हणवून घेईल. मूळ स्वरूपाची अट ढिली केली तर चोरीच्या चॅसिसवर भलतेच यंत्र बसवून जुनेपणाचे सोंग आणणारे पुढे येतील. शिवाय मोडीच्या धोरणातून ऐतिहासिक वाहनास सूट आहे. ती सूट मिळविण्यासाठी धूर ओकणारे ट्रकही पूर्वजांचा आव आणतील. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु सैन्याच्या गाडीस ती लागू पडत नाही. तिच्या पाटीवरील दोन अंक, तिच्या चॅसिसचा क्रमांक आणि विक्रीचा दाखला ही तिन्ही सरकारचीच साक्ष आहे. सैन्यातील नोंदणी ही देखील कायद्याने केलेली नोंदणीच होय. तिच्या आरंभापासून वय मोजले तर कोणाच्या केवळ शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. नियमात एवढी एक दुरुस्ती झाली तरी लष्करी वाहनांवरील मोठा अन्याय दूर होईल.

हा प्रश्न आजच निकडीचा का, तेही सांगितले पाहिजे. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले आहे. देशाच्या संरक्षणासाठी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या चिलखती व इतर खास गाड्यांस त्यातून वगळले असले, तरी जुने वाहन म्हणजे मोड, हा विचार सर्वत्र रूढ होत आहे. चिलखती गाड्यांसाठी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे रोल्स रॉईसची जुनी चिलखती मोटारही पाहावयास मिळते. रणगाड्यास असा आश्रय मिळाला. रसद वाहणाऱ्या ट्रकला घर द्यावयाचे तर ते खाजगी माणसानेच दिले पाहिजे आणि कायद्याने त्यास दार उघडे ठेवले पाहिजे.

तोवर मालकाच्या हाती जे आहे ते त्याने करावे. रंगरंगोटीच्या आधी कागद सांभाळावेत. विक्रीचा मूळ दाखला, लिलावाची पावती, गाडी भांडारातून बाहेर पडल्याचा परवाना, पूर्वीचे नोंदणीपुस्तक आणि विम्याचे जुने कागद ही सर्व एका ठिकाणी ठेवावीत. चॅसिसवरील आकडा घासून वा रंगवून बुजवू नये. त्याचे छायाचित्र घ्यावे. जुन्या रंगाखाली बाणाची खूण किंवा पलटणीचे चिन्ह सापडले तर ते खरवडू नये. उतरविलेले मूळ यंत्र भंगारात देऊ नये, कारण उद्या तेच पात्रतेचे साधन होईल. त्याचप्रमाणे ती गाडी ज्यांनी चालविली व ज्या मेस्त्र्यांनी सांभाळली, त्यांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात. कचेरी त्या मागणार नाही. परंतु कचेरीचा कागद ट्रकचे वय सांगतो आणि माणसाची आठवण त्याचे चरित्र सांगते. इतिहासास दोन्ही लागतात.

घोरावाडीच्या शेजारची लेणी ज्यांनी खोदली त्यांच्या छिन्न्या-हातोड्या आज कोठेही नाहीत. दान देणाऱ्या स्त्रीचे घरही राहिले नाही. दगडावर चार ओळी कोरून घेण्याची बुद्धी कोणास तरी झाली, म्हणून ती आज ठाऊक आहे. त्या टेकडीखालून गेलेल्या हजारो लष्करी ट्रकांचे चालक, हमाल आणि मेस्त्री हेही तसेच सामान्य लोक होते. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत. त्यांच्या हाताखालचा एखादा ट्रक आपल्या खऱ्या वर्षासह, बाणाच्या वर्षापासून मोजलेल्या वयासह सरकारी वहीत नोंदला गेला, तर ती नोंद त्यांचाही लेख ठरेल. लेण्यातील लेखास पायथ्याच्या रस्त्यावरून मिळालेले ते उत्तर असेल.